रस्त्याचा ड्रेसर

तुमच्या गावाचा रस्ता कसा आहे, असं कुणी फोनवर विचारलं तर आम्ही बाकीचे लोक 'खराब आहे' म्हणून मोकळे होतो. डोमाजी ड्रेसर तसं करत नाहीत. ते आधी घसा साफ करतात, आवाज खाली आणतात आणि म्हणतात, "कालची रात चांगली गेली. सकाळी थोडंसं पानी पाझरलं डाव्या आंगानं. पन आता शांत पडून हाय." पलीकडचा माणूस घाबरतो. माझ्या मेहुण्यानं एकदा त्यांच्याकडून अशी खबर ऐकली आणि लगेच मला फोन लावला, "भाऊजी, तुमच्याकडे कोण सिरियस आहे?" मी म्हटलं, "कुणी नाही रे, पवनीकडे जाणारा रस्ता."

डोमाजी आमच्या समोरच्या घरात राहतात. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात ड्रेसर म्हणून केली. ड्रेसर म्हणजे जखमा धुऊन पट्टी बांधणारा माणूस. डॉक्टर बदलले, नर्सबाई बदलल्या, औषधांचे रंग बदलले, पण जिल्ह्यात जिथे जिथे त्यांची बदली झाली, तिथे तिथे लोक दारातूनच विचारायचे, "ड्रेसर हाय का?" असले तर आत यायचे, नसले तर जखम घेऊन तसेच घरी जायचे. असं निदान डोमाजी सांगतात, आणि त्यांचं म्हणणं खोडून काढायला त्या काळचा एकही डॉक्टर आमच्या गावात राहत नाही.

रिटायर होऊन गावी आले, पण हात काही रिटायर झाला नाही. त्यांच्या घरात पट्टीशिवाय वस्तू सापडायची नाही. छत्रीच्या दांड्याला पट्टी, खुर्चीच्या पायाला पट्टी, केरसुणीला पट्टी. आमच्या फाटकाची कडी निखळली तेव्हा मी सुतार शोधायला गेलो होतो. परत येतो तो यांनी फाटकाला असा काही पट्टा आवळला होता की मला माझ्याच घरात भिंतीवरून उडी मारून जावं लागलं.

माणसं ते चेहऱ्यानं ओळखतच नाहीत. बाजारात कुणी नमस्कार केला की यांची नजर आधी त्याच्या गुडघ्यावर जाते, मग कोपरावर, मग एकदम तोंड फुलतं, "अरे! तू त्या विळ्यावाल्या अंगठ्याचा पोरगा ना? कसा हाय अंगठा?" मी पवनीच्या एका कॉलेजात लायब्ररीत कामाला आहे, म्हणून ते मला 'लायबरी' म्हणतात. माझं खरं नाव त्यांना ठाऊक असेल असं मला वाटत नाही. माझ्या डाव्या घोट्यावरचा व्रण मात्र त्यांना तोंडपाठ आहे.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "आधी धू, मंग बांध." जखम धुतल्याशिवाय पट्टी बांधायची नाही, हा दवाखान्यातला नियम. डोमाजींनी तो सगळ्या संसाराला लावला. भावाभावांचं भांडण मिटवायला गेले की तडजोडीचं नावच काढायचे नाहीत. आधी दोघांना पोटभर शिव्या देऊ द्यायचे. "निघू दे सगळं. आधी धू, मंग बांध." ग्रामसभेतही तेच. माझी बायको म्हणते की या गल्लीत पुरुषाच्या तोंडून निघालेलं कामाचं वाक्य हे एवढंच, आणि असं म्हणताना ती माझ्या जेवलेल्या ताटाकडे बघते.

तर या माणसाच्या हाती रस्ता कसा लागला, ते सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे झड लागली. झड म्हणजे न थांबता पडणारा पाऊस. सूर्य आहे की गेला, हे कोंबड्यालाही कळेनासं होतं. त्यात एक दिवस वादळ आलं. पळस मोडले, जांभळी आडव्या झाल्या, आणि त्या फांद्या आणि कुणाकुणाचं वाहून आलेलं तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, नाल्याच्या पाइपाच्या तोंडात जाऊन बसलं. आमचा रस्ता धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे शेतांच्या वाफ्यांमधून, उंचावरून जातो आणि नाला त्याच्या पोटातून पाइपानं निघतो. पाइप बंद झाला. वरच्या तलावाचा सांडवा धो धो वाहत होता. दुपारपर्यंत रस्त्याच्या वरच्या अंगाला समुद्र झाला आणि अर्ध्या गावाचं नुकतंच रोवलेलं धान त्यात दिसेनासं झालं. माझंही होतं त्यात.

सगळा गाव छत्र्या आणि पोती घेऊन रस्त्यावर जमला. बांबूंनी पाइप खोचून पाहिला, हलेना. डोमाजी आले, वाकून पाण्याकडे पाहिलं, रस्त्याच्या कडेवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "गळू झालं हे. तोंड पाडल्याबिगर उतरनार नाही."

"रस्ता हाय तो, डोमाजी," सरपंचबाई म्हणाल्या.

"आजच्या दिवस धुरा समजा, बाई."

आता बाहेरच्या माणसाला हे ऐकून वेड लागलं असतं. पण आम्ही धानाची माणसं. बांधीत पाणी जास्त झालं की धुऱ्याला, म्हणजे तिच्या मातीच्या कडेला, तोंड पाडायचं, पाणी खालच्या बांधीत सोडायचं, उतरलं की तोंड बुजवायचं, हे आमच्या हातांना झोपेतही येतं. समोर उंच काहीतरी आहे, त्याच्यामागे पाणी तुंबलंय आणि पाण्याखाली रोवणा मरतोय. त्या घटकेला तो डांबराचा रस्ता आहे हे कुणाच्या डोक्यातच राहिलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. माझीही हलली.

फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली. "मामा," मी म्हटलं, "खाली तुमच्याच बांध्या आहेत. पाणी सगळं तुमच्या धानात जाईल."

"मंग बरंच झालं," ते फावडं उचलत म्हणाले. "दुसऱ्या कोनाले विचाराचं काम नाही."

त्यांनी फावड्याच्या रुंदीएवढा चिरा दिला. पाणी शहाण्यासारखं निघालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग ते पाणी डांबराच्या खालचा मुरूम खायला लागलं. धुरा चिखलाचा असतो, तो दाबला की बसतो. रस्त्याच्या पोटात काय असतं हे आम्हाला कुठे माहीत? डांबराचा थर अधांतरी पापडासारखा लोंबायला लागला, मग मोडून पडला, मग त्याच्या शेजारचा पडला. संध्याकाळी तिथे बैलगाडी बैलांसकट लपली असती. वरचं धान वाचलं. डोमाजींच्या दोन्ही बांध्यांवर गिट्टी, मुरूम आणि डांबराचे तुकडे पसरले होते.

"लोकाइचं शेत रस्त्यात जाते," डोमाजी म्हणाले. "माह्या तं रस्ताच शेतात आला."

पाऊस ओसरल्यावर पाहणीला बांधकाम खात्याचे साहेब आले. त्यांनी विचारलं, "रस्ता कशानं तुटला?" सगळा गाव एका आवाजात म्हणाला, "पाण्यानं." ते खोटंही नव्हतं. तेवढ्यात गर्दीतून डोमाजी पुढे. "साहेब, चिरा मीनं देल्ला." सरपंचबाईंना ठसका लागला. मला लागला. पोलीसपाटलांना तर इतका लागला की त्यांना पाणी द्यावं लागलं. साहेबांनी डोमाजींकडे पाहिलं. हातात गॉजचा गुंडाळा, पायात दवाखान्याचे जुने पांढरे रबरी बूट. साहेबांनी मान हलवली आणि 'अतिवृष्टी' असं लिहून निघून गेले. डोमाजींना त्याचा फार राग आला. पुढे कितीतरी दिवस ते म्हणत होते, "ऑपरेशन माह्यं आन नाव पावसाचं!"

दुसऱ्या दिवसापासून ते त्या खड्ड्यावर ड्युटीला लागले. पवनीहून येणारी बस आता पलीकडच्या काठावर थांबायची. लोकांनी तिथे उतरायचं, खड्डा ओलांडायचा आणि उरलेलं अंतर चालत यायचं. डोमाजींनी वादळात पडलेल्या जांभळीची दोन खोडं आडवी टाकून घेतली, बाजूला धरायला बांबू बांधला आणि हातात काडी रुतू नये म्हणून त्या बांबूला या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टी गुंडाळली. काठावर निळी ताडपत्री ताणली, तीन दगड मांडले, वर किटली ठेवली. या सगळ्याला ते 'वार्ड' म्हणायचे. मुलगी तुमसरला असते, जावई तिथल्या राइस मिलमध्ये आहे. तिचा फोन आला की सांगायचे, "घरी नाही बापा, ड्युटीवर हाय."

वार्डाचे नियम होते. एका वेळी खोडावर एकच माणूस. म्हाताऱ्यांना आणि शेळ्यांना आधी सोडायचं. पलीकडून चिखलात भरून आलेल्यानं ड्रममधल्या पाण्यानं पाय धुवायचेच, नाहीतर चहा नाही. दूधवाले जाताना किटलीत दूध ओतून जायचे. कुणी घसरला तर तिथल्या तिथे ड्रेसिंग. मी माझी मोटारसायकल पलीकडच्या काठावर त्यांच्या भरवशावर ठेवायचो आणि रोज कॉलेजात उशिरा पोचायचो, कारण ताडपत्रीखाली बसलं की उठवत नसे. कुणाच्या बहिणीचं कुठे जमतंय, कुणाच्या धानावर कोणता रोग आहे, कोणत्या डॉक्टरची कुठे बदली झाली, सगळी खबर तिथे. वर्षानुवर्षं एकाच गावात राहून ज्यांच्याशी मी कधी बोललो नव्हतो, त्यांच्याशी त्या खड्ड्यावर ओळख झाली. आणि किटलीमागे बसलेले डोमाजी एखाद्या लग्नातल्या मुलीच्या मामासारखे मिरवत होते.

एकदा तर आमच्याच गल्लीत पोरगी पाहायला चाललेला पोरगा, परीटघडीच्या पांढऱ्या कपड्यांत, खोडावरून थेट चिखलात गेला. दोन्ही गुडघे सोलले. डोमाजींनी त्याला बसवलं, पँट वर करायला लावली, जखमा धुतल्या. पट्ट्या बांधून झाल्यावर स्वतः त्याच्याबरोबर पोरीच्या घरी गेले. पोरीचा बाप त्या चिखलाच्या गोळ्याकडे बघत दारातच उभा राहिला. डोमाजी म्हणाले, "दिऊन टाक पोरगी. आयोडीन लावलं, हूं नाही केलं पोरानं. संसाराले असाच मानूस लागते." जमलं लग्न. पुढे त्याच्या आईनं सांगितलं की पोरगा घरी जाऊन भरपूर रडला होता.

पण मंडई जवळ यायला लागली, तसा गावाचा हसरा चेहरा उतरला. मंडई, म्हणजे गावाची जत्रा, आमच्याकडे दिवाळीनंतर भरते, प्रत्येक गावाचा आपला दिवस ठरलेला. दिवाळी आम्ही घरातल्या घरात करतो. मंडई मात्र पाहुण्यांची. लेकी येतात, जावई येतात, सासरमाहेरचे सगळे येतात, दुकानं लागतात, रात्री नाटक. आता नाटकाचा ट्रक येणार कसा? पाळणे येणार कसे? म्हाताऱ्या आत्यांना काय खोडावरून चालवणार? शेजारच्या गावानं निरोप पाठवला की तुमचं नाटक या वर्षी आमच्याकडेच होऊ द्या, आमचा रस्ता धडधाकट आहे. हा निरोप ऐकून आमच्या गावातल्या कुणालाच जेवण गेलं नाही.

सभेत लोक एकमेकांकडे बघत होते आणि मधूनच डोमाजींकडे. फावडं कुणी उचललं होतं हे सगळ्यांना आठवत होतं. माना आपणही हलवल्या होत्या, हे कमी जणांना आठवत होतं. डोमाजी उठले.

"चिरा माह्या हातचा हाय," ते म्हणाले. "मंडईच्या आधी पेशंटले सुट्टी देतो. नाही झालं तं मी मंडईत तोंड दाखवनार नाही."

गमतीगमतीत बोलणारा माणूस त्या दिवशी गमतीत बोलत नव्हता.

मग त्यांनी फोनचा सपाटा लावला. रोज सकाळी साहेबांच्या कार्यालयात फोन. "हालो, पेशंटचा नातेवाईक बोलून राहिलो. तब्बेत बिघडून राहिली, कोनी पाहाले येते का नाही?" सुरुवातीला दोन-तीनदा तिथल्या माणसानं त्यांना आरोग्य खात्याचा नंबर दिला. नंतर तोही सरावला. म्हणे, "काका, आज कसं आहे पेशंटचं?" सरपंचबाई खेटे घालत होत्या, अर्ज चालू होते, पण माझा अंदाज असा की साहेबांनी शेवटी मंजुरी दिली ती त्या फोनची घंटा बंद व्हावी म्हणून.

सिमेंटचे मोठे पाइप आले, मुरमाच्या गाड्या आल्या. दुसऱ्या दिवशी रोलर येणार होता. डोमाजींनी खड्ड्यात उतरून पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. तळाला गाळ होता, पालापाचोळा होता. "याच्यावर पट्टी बांधतात का?" ते म्हणाले. "आत पू धरन." त्यांनी कुणाचा तरी मोटारपंप आणला, नाल्यात टाकला आणि दिवसभर तो खड्डा धुऊन काढला. आम्ही पाहत होतो. काय सुंदर धुतला होता! नितळ पाणी निथळत होतं. बायका कौतुकानं म्हणत होत्या, असं तर घरातली भांडीही कुणी धूत नाही.

सकाळी रोलर आला, खड्ड्यात उतरला आणि तिथेच बसला. पोटापर्यंत. ड्रायव्हर जसजसा जोर करी, तसतसा तो आणखी खाली जाई. सुपरवायझर पोरगेलासा होता. त्यानं डोक्याला हात लावला. "काका, इथं रस्ता करायचाय. तुम्ही तर रोवण्याची चिखलणी करून ठेवली!"

रोलर ओढून काढायला गावातले सगळे ट्रॅक्टर लागले. खड्डा वाळायला ऊन लागलं, आणि ऊन काही फोन करून येत नाही. मंडई डोक्यावर आली होती. डोमाजी ताडपत्रीखाली भिंतीकडे तोंड केल्यासारखे बसले होते, तिथे भिंत नव्हती तरी. मी जवळ गेलो. "या पेशंटले पानी वर्ज होतं," ते हळूच म्हणाले. "मले कोनी सांगतलं नाही, लायबरी." त्या दिवसापासून त्यांनी तोंडातून ते 'आधी धू' काढलं नाही. सुपरवायझर सांगेल ते ऐकायचं, त्याच्या पोरांना चहा द्यायचा, एवढंच. सुपरवायझरही भला माणूस. त्यानं ओला गाळ उपसून काढला, पाइप बसवले, कोरडा मुरूम भरला, उन्हं उतरेपर्यंत काम चालू ठेवलं. मंडईच्या आदल्या दिवशी दुपारी रस्ता जोडला गेला. डांबर नंतर पडणार होतं, पण मुरूम पक्का दाबलेला होता, आणि नाटकाचा ट्रक पलीकडे हॉर्न वाजवत उभा होता.

सरपंचबाई म्हणाल्या की उद्‌घाटन डोमाजीच करतील. फीत नव्हती. डोमाजींनी खिशातून गॉज काढला आणि रस्त्यावर आडवा बांधला. कुणीतरी कात्री पुढे केली, तर ते भडकले. "पट्टी कापत असतात का? सोडत असतात!" त्यांनी गाठ सोडली, गॉजचा सावकाश गुंडाळा केला, खाली वाकून मुरमावर तळहात ठेवला आणि ट्रकवाल्याला म्हणाले, "ये. हळूच ये."

मंडई दणक्यात झाली. आमच्या घरात तर सासुरवाडीची एवढी माणसं होती की मला आंघोळीला नंबर लावावा लागला. डोमाजी आमच्याकडे जेवायला आले, माझ्या सासऱ्यांचा गुडघा पाहिला, माझ्या बायकोनं वाढलं तेवढं जेवले आणि नाटक संपायच्या आधी घरी गेले. त्यांच्या मुलीला यायला जमलं नव्हतं. मिलचा हंगाम सुरू झाला होता, नवीन धान येत होतं, जावयाला सुट्टी नव्हती. समोरच्या घरात एकटा दिवा होता. गर्दीत माझं तिकडे फारसं लक्ष गेलं नाही.

पाहुणे परतले. मी सकाळी कॉलेजला निघालो. किती महिन्यांनी आपल्या दारातून गाडी काढून थेट पवनीला! वारा अंगाला लागत होता, मी शीळ घालत होतो. खड्ड्याची जागा कधी आली आणि कधी गेली ते कळलंही नाही. फक्त डोळ्याच्या कोपऱ्यातून कुणीतरी हात वर केलेला दिसला, आणि सवयीनं मी हॉर्न वाजवला.

बराच पुढे गेल्यावर मला ते उमगलं आणि मी गाडी उभी केली.

मागे वळून पाहिलं. ताडपत्री सोडली होती. तीन दगड तिथेच होते आणि त्यांच्यावर किटली होती. डोमाजी धुतलेला सदरा घालून बसले होते. समोर फळीवर ग्लास उपडे मांडलेले, सगळेच्या सगळे कोरडे. एक मोटारसायकल भुर्रकन गेली, हॉर्न वाजवला. त्यांनी हात वर केला. दूधवाला गेला, हॉर्न. त्यांनी हात वर केला. प्रत्येक जण त्यांना ओळखत होता, प्रत्येक जण हसत होता, आणि थांबायचं काही कारण कुणालाच उरलं नव्हतं. या रस्त्यासाठी सगळ्यात जास्त जीव टाकला तो याच माणसानं, आणि रस्ता झाल्यानं ज्याच्याजवळचं काही गेलं असेल असा गावात हा एकटाच होता. मी गाडी वळवली.

"काय झालं?" मला पाहून ते उठलेच. "काही राहिलं का घरी?"

"गाडी गरम झाली मामा," मी म्हटलं. "जरा उभी ठेवतो."

डोमाजी गाडीजवळ आले. टाकीवर तळहात ठेवला. मग तळहात उलटा करून इंजिनाजवळ नेला. मग माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्यांच्यापुढे किती लोक खोटी दुखणी घेऊन आले असतील, त्यांतला मी एक.

"ताप नाही हिले," ते म्हणाले.

मग त्यांनी फळीवरचा एक ग्लास सुलटा केला. "नसला ताप तरी बस. कदीकदी पेशंटले नुसतंच बसा वाटते."

आम्ही बसलो. रस्त्याबद्दल बोललो, माझ्या सासऱ्यांच्या गुडघ्याबद्दल बोललो. त्यांनी विचारलं, "तुले कसं कळलं?" मी म्हटलं, "काय?" ते म्हणाले, "काही नाही, चाय पे." कॉलेजात मला उशीर झाला, आणि मी बायकोला त्याचं कारण सांगितलं.

बायकोला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. त्या आठवड्यापासून आमच्या गावातल्या गाड्यांना त्या जागी काय होतं ते कळत नाही. कुणाची चेन उतरते, कुणाच्या चाकात हवा कमी वाटते, कुणाचा ब्रेक उगाच आवाज करतो. ते दोन भाऊ, ज्यांची डोमाजींनी भांडणं मिटवली, त्यांच्या दोन्ही गाड्या एकाच दिवशी बिघडल्या. डोमाजी प्रत्येक गाडीवर हात ठेवतात, डोळे मिटून ऐकतात आणि सांगतात की काही झालं नाही. चहा घेतल्याशिवाय मात्र कुणाला सोडत नाहीत.

परवा तर सकाळची बसच तिथे बंद पडली. प्रवाशांनी भरलेली, चांगली घरघरत आलेली बस. ड्रायव्हर खाली उतरला, कंडक्टर उतरला, मागून निम्मी बस उतरली. ड्रायव्हर बॉनेटला टेकून उभा राहिला आणि तोंड शक्य तितकं गंभीर करून म्हणाला, "डोमाजी, जरा पाहा बरं हिले. सकाळपासून सुस्त हाय."

डोमाजींनी बसच्या कपाळावर हात ठेवला.

"हिले काही झालं नाही," ते म्हणाले. त्यांचा हात बराच वेळ तिथेच राहिला, आणि त्यांनी आमच्याकडे पाठ केली होती. मग सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसून ते वळले, रस्त्यावर पसरलेल्या माणसांकडे नजर फिरवली, ग्लास पुरणार नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते एकदम ओरडले, "उभे काय राहिले तोंड पाहत? बसा ना बापा!" आणि किटलीत आणखी पाणी ओतलं.